रुख्मिणीच्या हातचं दूध

सातासमुद्रापलीकडे कुठे तरी गोऱ्या लोकांची आपसांत लढाई जुंपली होती आणि तिथला कापूस विलायतेला जायचा बंद झाला होता. त्यामुळे वऱ्हाडातल्या कापसाला असा भाव आला, की अकोटाजवळच्या त्या गावात लोकांनी ज्वारीचं वावरही कपाशीखाली आणलं. पंजाबरावानंही आणलं. पीक दणकून आलं आणि घरात कापूस ठेवायला जागा पुरेना.

"मधल्या खोलीत भरू ना," त्याची बायको रुख्मिणी म्हणाली.

मधली खोली म्हणजे पंजाबरावाच्या आईची, पार्बताबाईची निजायची जागा. जाड मातीच्या भिंती, एकच लहान खिडकी, आत कायमचा अंधार आणि गारवा. लग्न होऊन आल्यापासून म्हातारीनं तिथेच पाठ टेकली होती. तिला कुणी विचारलं नाही आणि तीही काही बोलली नाही. तिची बाज ओसरीवर गेली आणि खोली आढ्यापर्यंत कापसानं भरली.

ओसरी रस्त्याला लागून होती. अकोल्याकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्या रात्रभर त्या रस्त्यानं चालत. बैलांच्या गळ्यातल्या घाट्यांची किणकिण, गाडीवानांचे हाकारे, चाकांची कुरकुर. म्हातारीची झोप उडाली. रात्र जागून काढायची आणि दुपारी ओसरीवरच पेंगत राहायचं, असं चक्र सुरू झालं. पहाटे रुख्मिणी जात्यावर बसली की गाऱ्हाणं ठरलेलं.

"रुख्मे, आजबी डोयाले डोया नाई लागला व."

रुख्मिणी दिवसभर वेचणीला जायची. बोंडाच्या टोकांनी बोटं सोललेली असायची. त्यात म्हातारी रात्री कधी पाणी माग, कधी नुसतीच हाक मार, असं करायची. एके दिवशी सांजेला रुख्मिणी दूध तापवत असताना पार्बताबाई तिसऱ्यांदा "रुख्मे" म्हणाली आणि रुख्मिणीच्या डोक्यात तिडीक गेली. लेकरांच्या पोटदुखीसाठी घरात अफू असायचीच. तिनं त्यातली थोडी दुधात कालवली. कडू लागू नये म्हणून वरून जायफळ उगाळून टाकलं, गूळ घातला आणि पेला सासूच्या हातात दिला.

त्या रात्री हाक आली नाही. रुख्मिणीही मेल्यासारखी झोपली.

सकाळी पार्बताबाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "काय टाकलं होतं व दुधात? किती दिसानं झोपली मी."

"जायफय, आत्याबाई," रुख्मिणी म्हणाली.

एकदाच, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. पण दुसऱ्या सांजेला सासूनं आपण होऊन दूध मागितलं, तिसऱ्या सांजेलाही. मग ते रोजचंच झालं.

पार्बताबाई गावभर सुनेचं कौतुक करत फिरू लागली. विहिरीवर बाया रुख्मिणीला विचारू लागल्या, जायफळ किती, दूध गाईचं की म्हशीचं. रुख्मिणी खाली मान घालून सांगायची. काही जणींना त्या दुधानं खरोखरच बरं वाटलं, तेव्हा त्या तिला दुवा देऊ लागल्या. शेजारच्या मैनाबाईच्या नवऱ्याला मात्र काही गुण आला नाही. कापसाच्या राशी राखून राखून त्याची झोप पार मोडली होती.

"तू काईतरी लपवून राहिली," मैनाबाई कळवळून म्हणाली. "मले खरं सांग ना. तुया हातातच काई असन तर तू येऊन दूध करून दे."

"तेवढंच आहे वो बाई," म्हणून रुख्मिणी घागर उचलून निघाली. पाणी अंगावर हिंदकळत होतं, पण तिचं लक्ष नव्हतं. मैनाबाई आपल्याला कंजूष समजली असेल, याचंच तिला बरं वाटलं. खरं कळण्यापेक्षा ते परवडलं.

पुढे पार्बताबाईची जीभ जड पडू लागली. सकाळी उठली तरी डोळे उघडत नसत. एक दिवस तिनं अंगणात खेळणाऱ्या नातवाला विचारलं, "कोनाचा रे तू?" आणि उठायला गेली ती पायरीवरच कोलमडली. कोपर फुटलं. लोक धावले, वय झालं म्हणाले. रुख्मिणी हळद भरत होती, तेव्हा म्हातारी जमलेल्या बायांना म्हणाली, "हे रुख्मी नसती तर मी कवाचीच मेली असती."

रुख्मिणीला तिथून उठवेना आणि बसवेना.

त्या दिवसापासून तिनं दुधात अफू घालायचं बंद केलं. पण आता म्हातारीचे हाल सुरू झाले. घाम फुटायचा, पोटऱ्यांत गोळे यायचे, जीव कासावीस व्हायचा. एका सांजेला दिवे लागायच्या वेळी ती बाजेवर तळमळत होती. रुख्मिणीनं काशाची वाटी आणली, सासूच्या तळव्याला तूप लावलं आणि वाटीनं घासू लागली. तळवे भेगाळलेले होते. या पायांना आपण कधी हात लावला, हे तिला आठवेना.

"पोरी, माहे पाय धरून राहिली तू?" पार्बताबाई म्हणाली. "कोन्या जन्माचं पुन्य माहं."

रुख्मिणीच्या हातातली वाटी थांबली. मग तिनं सगळं सांगितलं. सांगताना ती सासूच्या पायांकडेच पाहत होती.

म्हातारीनं एकेक करून दोन्ही पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"मी तुले रोज आशीर्वाद देत होती व," एवढंच ती म्हणाली.

शिव्या दिल्या असत्या तर रुख्मिणीला सोसलं असतं. तिनं त्याच सांजेला नवऱ्याला सारं सांगितलं. पंजाबराव भिंतीकडे तोंड करून बसला. "आईले वसरीवर म्याच टाकलं," तो म्हणाला. "तू म्हनलं, पन बाज तर म्या उचलली." दुसऱ्या दिवशी त्यानं भाव आणखी चढायची वाट न पाहता कापूस गाड्यांत भरला आणि अकोल्याला पाठवला. रुख्मिणीनं खोली झाडली, सारवली, खिडकीला तरट लावलं आणि सासूची बाज परत जागेवर नेली.

झोप काही लगेच परतली नाही. पार्बताबाईचे कितीतरी दिवस वाईट गेले. मग ती उन्हं चढायच्या आत मळ्यात जाऊ लागली, वांगी-मिरच्यांत खुरपं घेऊन बसू लागली. दुपारचं पेंगणं सुटलं. दिवेलागणीलाच ती भाकर खायची आणि अंगावर कोमट पाणी घ्यायची. हळूहळू रात्रीचा एखादा तुकडा तिला लाभू लागला, मग अर्धी रात्र. दूध मात्र ती आता स्वतः तापवायची, स्वतः जायफळ उगाळायची. रुख्मिणी चुलीपाशी असली की भांडं उचलून पलीकडे न्यायची. रुख्मिणी तोंड वळवून भाकरी थापत राहायची.

लोकांना मात्र पार्बताबाईनं चकार शब्द सांगितला नाही. बाया अजूनही रुख्मिणीला दुवा देत होत्या. शेवटी एक दिवस विहिरीवर मैनाबाईनं परत विषय काढला, तेव्हा रुख्मिणीनं घागर खाली ठेवली.

"माह्या दुधात अफू होती. तुमच्या मालकाले अफू देऊ नका. त्यायची बाज राशीपासून दूर न्या, तयपायाले तूप लावा, राखनीले दुसरं मानूस बसवा."

"सासूले? अफू?" मैनाबाई म्हणाली. आजूबाजूचे दोर थांबले. रुख्मिणी घागर उचलून निघाली, तेव्हा तिला वाट देताना बाया जरा जास्तच मागे सरकल्या.

ती घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती.

"काहून सांगतलं व?" पार्बताबाईनं दारातच विचारलं. "घरची गोठ घरात राहिली असती. मी मिटवली होती."

"तुमी मिटवली होती, आत्याबाई. माह्यानं ते दुवा घेनं होत नव्हतं."

म्हातारीनं तिच्याकडे नीट पाहिलं. कित्येक दिवसांनी पाहिलं. "घागर उतरव," ती म्हणाली, "खांदा दुखन." आणि पुढे होऊन तिनं घागरीला हात लावला. रुख्मिणीला रडू फुटलं, पण मान काही वर करवेना. दोघींनी मिळून घागर खाली टेकवली, आणि पार्बताबाई खुरपं घेऊन मळ्याकडे निघून गेली.