टॉमसिनचा होकार

लेडी मॉडने कारभाऱ्याच्या हातून सुरई घेतली आणि पाहुण्यांचे पेले स्वतः भरले. आणखी मांस वाढायला सांगितले. सर पिअर्सची माणसे होती ती. तिच्या मुलीला न्यायला आली होती आणि भुकेली होती, एवढेच काय ते आज तिच्या बाजूचे.

"बाईसाहेब, उन्हं आहेत तोवर निघायला हवं," त्यांचा म्होरक्या म्हणाला.

"निघाल की. हार्टलोकच्या वाड्यातून अर्धपोटी गेलात, तर डेव्हनभर माझी शोभा होईल."

ती हसली. मागच्या दाराने बाहेर पडताच ते हसू मावळले.

नवरा गेल्या हिवाळ्यात तापाने गेला. मुलगा नाही, तेरा वर्षांची टॉमसिन एकटी वारस. अशा लेकराचे पालकत्व हेन्री राजाकडे जाई आणि राजा ते मर्जीतल्या माणसाला देऊन टाकी. ते सर पिअर्सला मिळाले. म्हणजे जमीन त्याच्या ताब्यात, मुलगीही त्याच्या ताब्यात, आणि उद्या त्याच्या बावळट पोराशी तिचे लग्न. मॉड लंडनला जाऊन दालनांबाहेर ताटकळली. कारकुनांनी, सरदारांनी, एका बिशपनेसुद्धा ऐकून घेतले, मान हलवली आणि पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगितले. मुलगी तिने जन्माला घातलेली, पण तिच्याबद्दल बोलण्याचा हक्क तेवढा तिला नव्हता.

आता एकच वाट उरली होती. पाहुण्यांची जेवणे उरकायच्या आत टॉमसिनचे दुसऱ्याशी लग्न लावून टाकायचे.

घरच्या प्रार्थनामंदिरात शेजारचे सर अँब्रोज थांबले होते. चाळिशीचे विधुर, स्वभावाने गरीब, अंगाला शिकारी कुत्र्यांचा वास. पाद्रीबाबा सारखे दाराकडे पाहत होते. टॉमसिन आली ती प्रवासाचा झगा घालूनच.

"हे काय, आईसाहेब?"

"लग्न. तुझं. ये, इथं उभी राहा."

"यांच्याशी?"

"माझ्या हाकेच्या अंतरावर तरी राहशील. तो पिअर्स तुला कुठं नेऊन टाकेल, ठाऊक आहे? आता बोलू नकोस. विचारतील तेव्हा हो म्हण."

मॉडलाही चौदाव्या वर्षी असेच उभे केले होते. प्रश्न संपायच्या आत तिने हो म्हटले होते. दुसरे काही म्हणता येते, हे तिच्या मनातही आले नव्हते.

पाद्रीबाबांनी घाईघाईने विचारले.

"नाही," टॉमसिन म्हणाली.

सर अँब्रोज खाकरले आणि जमिनीकडे पाहू लागले.

"पुन्हा विचारा," मॉड म्हणाली.

त्यांनी पुन्हा विचारले.

"नाही."

मॉडने तिचा दंड धरून तिला गदागदा हलवले. "अगं, दारोदार नाक घासत फिरले ते कुणासाठी? बाहेर ती माणसं हात पुसतायत, आणि तू..."

पाद्रीबाबांनी पुस्तक मिटले. "मुलीनं नाही म्हटल्यावर मला लग्न लावता येत नाही, बाईसाहेब. खुद्द राजा समोर उभा असता, तरी नसतं आलं."

"जाऊ द्या, वहिनी," सर अँब्रोज हळूच म्हणाले. "लेकरू आहे." आणि टोपी उचलून ते बाजूच्या दाराने निघून गेले.

अंगणात घोडे तयार होते. टॉमसिन खोगिरावर बसली. मॉड तिच्या झग्याचा बंद रागारागाने बांधू लागली.

"सगळे मला नाही म्हणाले. शेवटी तूसुद्धा."

टॉमसिन खाली वाकली. "आईसाहेब, तिथला पाद्रीही विचारेलच ना?"

मॉडची बोटे थांबली.

"विचारावंच लागतं," ती म्हणाली.

"मग झालं तर."

मॉडने बंद बांधला आणि ती मागे सरली. घोडे फाटकाबाहेर पडले. पाद्रीबाबा पडल्या चेहऱ्याने तिच्यामागे येऊन उभे राहिले.

"बाईसाहेब, मला क्षमा..."

मॉडने मान वळवली नाही.

"दोनदा विचारलंत तुम्ही," ती म्हणाली. "तिचा आवाज जरासुद्धा कापला नाही."