सव्वादोन दिवसांचं वर्ष

अट मीच घातली होती, आणि तीही रागाच्या भरात. माझ्या एकुलत्या एका लेकीला, अपूर्वाला, जर्मनीतल्या विद्यापीठात खगोलशास्त्र शिकायला जागा मिळाली होती. हिंजवडीतली भक्कम नोकरी सोडून ही तिकडे जाणार, आणि मी तिच्या सोबतीला बार्शीचं घर आवरून नांदे गावातल्या या फ्लॅटमध्ये आले ती काय भिंतींशी गप्पा मारायला? माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "ज्या ग्रहांपायी चाललीस ना, त्यातला एक तरी आधी आपल्या गच्चीवरून पकडून दाखव. मग जा खुशाल. नाही जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, "चालेल."

मग घरात त्या ग्रहाशिवाय दुसरं बोलणं उरलं नाही. त्याला धड नावसुद्धा नव्हतं. त्याच्या ताऱ्याचा गाडीच्या नंबरप्लेटसारखा लांबलचक आकडा होता आणि त्यापुढे ग्रहाचं एक अक्षर. हंस आणि श्रवण यांच्या मधे कुठेतरी तो तारा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. आपल्यापासून त्रेसष्ट प्रकाशवर्षं, म्हणजे या खगोलवाल्यांच्या हिशोबात अगदी शेजारी! ग्रह आपल्या गुरूपेक्षा थोडा मोठा, सगळा वायूचा, पाय टेकायला जमीनच नाही. आणि ताऱ्याला इतका चिकटून फिरतो की त्याचं वर्ष सव्वादोन दिवसांत संपतं.

"म्हणजे सोमवारी पाडवा केला की बुधवारी पुन्हा गुढी उभारा," मी म्हटलं. "बायका मरतील की राबून."

पण खरं सांगू? मी चेष्टा करता करता ऐकत बसायचे. त्याची एक बाजू कायम ताऱ्याकडे. तिथे रात्र म्हणून नाही, आणि उष्णता इतकी की ॲल्युमिनियमचं पातेलं वितळून जाईल. दुसऱ्या बाजूला कायमचा अंधार. मधून तासाला हजारो किलोमीटर वेगानं वारे सुटलेले. त्यामुळे ऐन माथ्यावर तारा असतो ती जागा सगळ्यात तापलेली नसतेच, वारा ती उष्णता पूर्वेला ढकलून नेतो. वाऱ्यावर मांडलेल्या चुलीची आच भांड्याच्या एकाच कडेला लागते, तसं. हे माणसांनी इथे बसून शोधलं याचं मला फार नवल वाटायचं. लेकीपुढे मात्र मी ते कबूल करत नव्हते.

ग्रह प्रत्यक्ष दिसणार नव्हता. तो ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा उजेड शंभरात अडीच भागांनी कमी होतो, तेवढा पकडायचा. दुर्बिणीला कॅमेरा, कॅमेऱ्याला लॅपटॉप. दर फोटोमागे पडद्यावर एक ठिपका. ठिपके सरळ रेषेत चालले म्हणजे तारा नुसता आहे, खाली घसरले म्हणजे ग्रह आडवा आला. दोनदा ढगांनी घात केला होता. जर्मनीला होकार-नकार कळवायची मुदत आता आठवड्यावर आली होती. ग्रह आडवा येण्याची वेळ आपल्या अंधारात पडेल अशी एकच संध्याकाळ हाताशी उरली, आणि ती नेमकी कोजागिरीची.

सोसायटीची कोजागिरी गच्चीवरच. मुलांना शाळा असते म्हणून आमच्याकडे ती आठलाच उरकतात. सेक्रेटरी एकनाथराव लातूरचे, माणूस भला, पण दुधाच्या बाबतीत हट्टी. चांदण्यात आटवलेलंच दूध हवं, खालून तयार आणलेलं चालणार नाही. त्यांनी शेगडी मांडली ती अपूर्वाच्या कोपऱ्यापासून चार हातांवर, कठड्याच्या आडोशाला. दुसरीकडे ज्योत टिकेना.

"काकू, तुमच्या मुलीला आमचा काही त्रास नाही," ते म्हणाले. "दिवे सगळे बंद."

दूध घालणाऱ्या चंद्राबाईंना आम्ही दरवर्षी बोलावतो. त्या दुर्बिणीजवळ उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "काय गं पोरी, तितं कोन ऱ्हातं का?"

"कुणीच नाही मावशी. फार तापलेलं आहे."

"मग कुनी न्हाई तितं बघतियास कशापायी?"

"आहे कसं ते बघायला."

"व्हय, ते बी खरंच हाय," चंद्राबाई म्हणाल्या आणि तिथेच बसून राहिल्या.

ठिपके सरळ चालले होते. लॅपटॉपची बॅटरी उतरत आली तशी अपूर्वा दुसरी आणायला खाली धावली. जाताना बजावून गेली, "आई, दुर्बिणीसमोर काही येऊ देऊ नकोस. धूर, वाफ, काहीही. त्यानंही उजेड कमी होतो, आणि मग सगळं वाया."

उजेड बाहेर पडू नये म्हणून लॅपटॉप खोक्यात ठेवला होता, त्याच्या पडद्यापुढे मी बसले. एक ठिपका जरा खाली पडला. मग दुसरा, त्याच्याही खाली. मी मान वळवली तर पातेल्यातून वाफेचा लोट उठत होता आणि वारा तो थेट आमच्याच कोपऱ्यात आणत होता.

मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. लेक इथेच राहिली असती, आणि दोष ना माझा ना तिचा, कोजागिरीच्या दुधाचा. हा विचार माझ्या मनात आला आणि चांगला बसलाही होता. पण मला गेल्या दोन महिन्यांतला तिचा चेहरा दिसला. ऑफिसातून दमून येऊन ढग बघत उभी राहणारी. मी उठले.

"बंद करा ती शेगडी!" मी ओरडले. "एकनाथराव, आत्ताच्या आत्ता!"

"अहो काकू, अजून आटायचंय..."

"खड्ड्यात गेलं तुमचं आटणं!"

मीच जाऊन गॅस बंद केला, पातेल्यावर परात उपडी घातली आणि पदरानं वाफ हाकलत राहिले. सगळी गच्ची माझ्याकडे बघत होती. परत येऊन बघते तर ठिपके अजून खालीच, वर यायचं नाव नाही.

अपूर्वा वर आली तेव्हा मी रडतच होते. "बुडालं गं सगळं. दुधाच्या वाफेनं घात केला."

ती घाईनं पडद्यावर वाकली. तिनं कसलीशी दुसरी रेषा उघडली. ती रेषा जराशी थरथरली होती, पण सरळ होती.

"आई, हा शेजारचा तारा. वाफ असती तर दोघंही मंदावले असते ना? हा तर आहे तसाच आहे." तिनं आधीच्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. "ही वाफ नाही. तो आलाय."

मी डोळे पुसून बघितलं. इवले इवले ठिपके खाली उतरून एका पातळीवर चालले होते. त्रेसष्ट प्रकाशवर्षांवरचं ते अख्खं तापलेलं, वाऱ्यांनी घोंगावणारं जग आपल्या ताऱ्यासमोरून चाललं होतं, आणि ते माझ्या लेकीनं नांद्यातल्या गच्चीवरून पकडलं होतं. मला तिचा इतका अभिमान वाटला की छाती दुखायला लागली. पकडलंय म्हणजे ती जाणार, हेही त्याच क्षणी कळलं.

एकनाथरावांनी पातळ दुधाचे दोन पेले आमच्याजवळ आणून ठेवले. ठिपके पुन्हा वर चढेपर्यंत आम्ही दोघी तिथून हललो नाही.

मग मी विचारलं, "जर्मनीत थंडी फार असते का गं? स्वेटर इथूनच विणून देते."