खुर्चीतून दिसणारे सुपरहिरो

माझ्या मेहुण्याला घरात सगळे छोट्या म्हणतात. तो सहा फूट उंच आहे, चाळिशी ओलांडलेला आहे आणि आमच्या घरात शिरताना त्याला मान वाकवावी लागते. पण आईने एकदा छोट्या म्हटलं की माणूस जन्मभर छोट्याच राहतो. त्याचं पुरुषांचं सलून आहे. हात इतका हलका की निम्मी गिऱ्हाइकं खुर्चीतच पेंगतात. व्यसन म्हणाल तर एकच, सुपरहिरोंचे पुतळे जमवायचे.

बाहुल्या नव्हेत, पुतळे. हा फरक न कळल्यामुळे मी लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात मेहुण्याचा रोष ओढवून घेतला होता. रेझिनचे, जडशीळ, कुणी वीतभर तर कुणी चांगला हातभर उंच. छोट्या सलूनवरच्या एका खोलीत राहतो, तिथे त्याचं स्वतःचं अंथरूण जेमतेम मावतं. त्यामुळे सगळी खोकी आमच्याकडे. जगाचे तारणहार पलंगाखाली झोपत आणि आम्ही नवराबायको वर.

मग यंदा सलूनशेजारचा गाळा रिकामा झाला. छोट्याने तो घेतला, मधली भिंत पाडली, नवी खुर्ची आणली आणि आरशासमोरच्या भिंतीवर काचेचं कपाट करून घेतलं. वर तीन कप्पे, खाली तीन, प्रत्येकात छोटा दिवा. कपाट तयार झालं त्या दिवशी तो आमच्याकडे आला आणि पाणीसुद्धा न घेता बसून राहिला.

"काय झालं रे?" माझ्या बायकोने विचारलं.

"ताई, सहाच बसणार. माझ्याने निवड होत नाही. एकाला घेतलं की दुसरा माझ्याकडे बघतो."

"तो बघत नाही, त्याचे डोळे तसे रंगवलेत."

"म्हणूनच म्हणतो, तू निवड. तुझ्यासारखी नजर कुणाची नाही."

हे मात्र खरं होतं. माझी बायको दातांच्या कवळ्या बनवते. कवळीत एखादा दात केसभर तिरका बसला तर तिला त्या दिवशी जेवण जात नाही. तिने लगेच अट घातली. "निवडीन. पण मध्ये रडायचं नाही. आणि आईलाही बोलावू."

"आईला त्यातलं काय कळतंय?"

"तुला वाढवलं तिने. अवघड वस्तू कशा हाताळायच्या ते तिच्याएवढं कुणाला कळतंय?"

सलूनच्या सुट्टीच्या दिवशी सकाळीच मी गाडीतून खोकी नेली. मी लोकांना मोटार शिकवतो. माझ्या पायाखाली कायम एक जादा ब्रेक असतो. संसारातही मी बहुधा तेवढंच काम करतो, वेळेवर दाबतो. त्या दिवशी मात्र माझ्याकडे नुसती हमाली होती.

छोट्याने लांब टेबलावर धुतलेले टॉवेल अंथरले होते. बायकोने डोक्याला भिंग बांधलं, कामावरचा दिवा आडवा लावला आणि पहिलं खोकं उघडायला सांगितलं. सासूबाई कोपऱ्यातल्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. त्यांनी आयुष्यभर शिवणकाम केलं, शाळेच्या गणवेशापासून नाटकाच्या पोशाखांपर्यंत. आता खांदा वर जात नाही म्हणून मशीन बंद आहे, तोंड नाही.

पहिला निघाला भूकंप्या. छोट्याचा सगळ्यात लाडका आणि सगळ्यात मोठा. दोन्ही हात आभाळाकडे, पायाखाली दुभंगलेली जमीन. मी तो छातीशी धरून टेबलावर ठेवला तेव्हा माझी कंबर दुभंगायचीच बाकी होती.

बायकोने दिवा फिरवला. आधी सांधे पाहिले, मग बोटांची टोकं, मग चेहरा. चेहऱ्यावर आली आणि थांबली.

"छोट्या, हा कुठे बघतोय?"

"समोर. संकटाकडे."

"उजवा डोळा संकटाकडे आहे. डावा तुझ्या बेसिनकडे आहे."

छोट्या खाली वाकला. बराच वेळ वाकून राहिला. इतकी वर्षं पुतळा त्याच्याजवळ होता, पण प्रेमात पडलेल्या माणसाला असलं काही दिसत नाही. "थोडासाच आहे," तो पुटपुटला.

"रडायचं नाही असं ठरलंय."

भूकंप्याला 'विचाराधीन' म्हणून बाजूला उभं केलं. त्याच्यामागून झंझावाती आली. वाऱ्यावर स्वार झालेली, केस एकीकडे उडालेले, पाठीवरचा झगा फुगलेला. रंग निर्दोष होता. बायको मान डोलावणार एवढ्यात बाकावरून आवाज आला.

"हिचे केस उजवीकडे उडालेत आणि झगा डावीकडे. एका बाईवर दोन बाजूंनी वारा येतो होय?"

"आई, वारा ही तिची शक्तीच आहे!"

"असेल. पण आधी स्वतःच्या अंगावरच्या वाऱ्यात एकमत कर म्हणावं, मग जग वाचव."

मी हसलो तशी छोट्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं खोकं उघडायला लागलो. आता सासूबाई बाकावरून उठून टेबलाशीच येऊन उभ्या राहिल्या. झग्याला घडी कुठून पडली, पट्टा कमरेवर आहे की पोटावर, एवढे घट्ट कपडे घालून हा माणूस खाली वाकणार कसा, एकेकाची हजेरी सुरू झाली. एका हिरव्या योद्ध्याचं तर त्यांनी तोंडभरून कौतुक केलं. "ह्याचा शिंपी हुशार आहे. काखेत सैल सोडलंय बघ." छोट्याची कळी खुलली. आपल्या पुतळ्याकडे आई इतकी निरखून बघतेय हे त्याला नवीन होतं.

मलाही एक खातं मिळालं, तोल. मी टेबलाला गुडघ्याने हलका धक्का द्यायचो. जो डुलेल तो बाद. उल्कावीर एका पायाच्या अंगठ्यावर उभा होता. तो असा डुलला की छोट्याने त्याला पकडायला झेप घेतली.

"हा पहिल्याच वळणाला जाईल," मी म्हणालो.

"दाजी, धक्का तुम्ही दिलात!"

"रस्तासुद्धा धक्केच देतो."

मग निघाली पांढरी. तिचं खरं नाव काही लांबलचक होतं, पण छोट्याही तिला पांढरीच म्हणायचा. वयस्क नायिका. चेहऱ्यावर सुरकुत्या, पांढरे केस अगदी बारीक कापलेले, हात मागे बांधून नुसती ताठ उभी. उडत नव्हती, कुणाला मारत नव्हती. दुकानात ती कोपऱ्यात पडून होती, कुणीच घेत नव्हतं म्हणून छोट्या घेऊन आला होता. बायकोने भिंग लावलं आणि कौतुकाने च्च् केलं. "अरे, हिच्या डोळ्यांच्या कडेच्या रेषा बघ. एकेक वेगळी रंगवलीय. हे हाताचं काम आहे."

सासूबाई टेबलावर वाकल्या. नुसत्या बघत राहिल्या.

दुपारपर्यंत सहाजण निवडले. छोट्याच्या चेहऱ्याकडे बघवेना म्हणून भूकंप्यालाही तिरळ्या डोळ्यासकट पास केलं आणि खालच्या ओळीत मधोमध बसवलं. पांढरी त्याच्या वरच्या कप्प्यात. दिवे लावले. चौघेही मागे सरकून उभे राहिलो. काय देखणे दिसत होते! छोट्याने टाळी वाजवली, बायकोने भिंग काढलं, आणि मी दमून नव्या खुर्चीत बसकण मारली.

समोर आरसा. आरशात मी, माझ्यामागे कपाट. आणि भूकंप्या गायब.

नीट पाहिलं तर तो होता, पण माझ्या डोक्याच्या बरोबर मागे. त्याचे वर केलेले दोन हात तेवढे माझ्या दोन्ही कानांतून बाहेर आले होते.

"छोट्या," मी म्हणालो, "इकडे ये. बस इथे."

तो बसला. उंच असल्यामुळे त्याच्या डोक्याने भूकंप्या तर गिळलाच, वरच्या पांढरीचे पायही गिळले. तो खुदकन हसला. मग हसणं जागच्या जागी थांबलं. "अरे देवा. गिऱ्हाईक तर इथूनच बघणार!"

आम्ही सकाळपासून सगळे पुतळे उभ्याने तपासले होते, आणि ज्याच्यासाठी कपाट केलं तो माणूस पाठ फिरवून, बसून, आरशात बघणार होता. वरच्या ओळीतल्या एकाच्या नुसत्या नाकपुड्या दिसत होत्या. हिरव्या योद्ध्याच्या छातीवरचं चिन्ह उलटं होऊन थेट चमच्यासारखं दिसत होतं.

"म्हणजे पहिल्यापासून," बायको म्हणाली आणि तिने भिंग परत बांधलं. तिला मनातून आनंदच झाला होता, मी ओळखतो ना.

मग जी मजा सुरू झाली! एकाने खुर्चीत बसायचं, दुसऱ्याने पुतळे बदलायचे, तिसऱ्याने ओरडायचं. मी बसलो की झंझावाती सुंदर दिसायची, कारण आरशात तिच्या झग्याची बाजू माझ्या खांद्याआड जायची आणि वारा एकीकडूनच यायचा. बायको बसली की उल्कावीर तिच्या डोक्यावर उतरल्यासारखा वाटायचा. "काढा याला आधी!" ती किंचाळली, आणि हसता हसता खुर्चीतून घसरली.

"आई, आता तू बस," छोट्या म्हणाला. "तुझ्या उंचीची पण गिऱ्हाइकं असतात."

"मी? पुरुषांच्या खुर्चीत?"

"आज सुट्टी आहे. आज खुर्ची कुणाचीच नाही."

सासूबाई पिशवीसकट बसल्या. छोट्याने पायाने दांडा दाबत खुर्ची हळूहळू वर उचलली. "अगंबाई," त्या म्हणाल्या, आणि वर पोहोचल्यावर, "अजून एकदा कर." त्याने खाली आणून पुन्हा वर नेली.

मग त्यांनी आरशात पाहिलं. खाली त्यांचं डोकं होतं, आणि त्याच्या बरोबर वर, दिव्याच्या उजेडात, पांढरी उभी होती. सासूबाईंची वेणी कमरेच्याही खाली जायची. दर आठवड्याला केस धुवायचे म्हणजे माझ्या बायकोने जायचं, कारण त्यांचा खांदा वर होत नाही. वाळायला अर्धा दिवस लागायचा आणि मग मान दुखायची. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी काही बोलत नव्हतं.

"हिचे केस छान कापलेत," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी स्वतःच्या वेणीचं टोक पुढे ओढून घेतलं.

"पटकन वाळत असतील."

छोट्याने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. त्याने आयुष्यात हजारो डोकी हाताळली असतील, पण आईचं कधीच नाही. "आई... कापू?"

"आई, नीट विचार कर हं," माझी बायको घाईने म्हणाली.

"विचार करून मान दुखली माझी. छोट्या, कात्री घे. का दाढ्या करून करून विसरलास?"

त्याने आईच्या अंगावर स्वच्छ कापड घातलं, गळ्याशी बांधलं. वेणीला वर आणि खाली दोन रबरं लावली. कात्री उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. मी त्याच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. पहिल्यांदा रस्त्यावर गाडी काढणाऱ्या माणसाशी बोलतो तसा हळूच म्हणालो, "आरशात बघ. श्वास घे. घाई नाही. मागून कुणी हॉर्न वाजवत नाहीये."

कच्च. कच्च. दोनदा आवाज आला आणि वेणी त्याच्या हातात आली. त्याने ती आईच्या मांडीवर ठेवली. सासूबाईंनी ती हातावर तोलून पाहिली. आम्ही तिघेही डोळ्यांत पाणी यायच्या तयारीत होतो.

"एवढं ओझं घेऊन फिरत होते मी?" त्या म्हणाल्या. "हे म्हणजे लहान मूल झालं!"

त्यानंतर छोट्याचा हात जो सुटला! फवारा, कंगवा, कात्री, सगळं तालात. पण सासूबाई स्वस्थ बसतील तर शपथ. समोर आरसा आणि मागे कपाट, म्हणजे निवड चालूच.

"आई, मान हलवू नकोस."

"नाही हलवत. जावईबापू, तो हिरवा डावीकडे घ्या."

"आई, हनुवटी खाली."

"हनुवटी खाली घेतली तर मला तो वरचा कसा दिसेल? आणि हे बघ, तो मधला खालचा कप्पा रिकामाच ठेव. तिथे गिऱ्हाइकाचं डोकं येतं. येऊ दे. बाजूला दोन वीर, वर एक, मध्ये आपण. बिचाऱ्याला बरं वाटेल."

छोट्याची कात्री हवेतच थांबली. "आणि भूकंप्या?"

"त्याला गल्ल्यावर उभा कर. एक डोळा दारावर, एक बेसिनवर. राखणीला आणखी काय हवं?"

छोट्या इतका हसला की त्याला कात्री खाली ठेवावी लागली.

काम संपल्यावर त्याने मागून छोटा आरसा धरला. सासूबाईंनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली, मानेवरून हात फिरवला, मग पुन्हा फिरवला. चेहरा एकदम उघडा, ताजा दिसत होता. कान सुंदर होते त्यांचे, ते मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दिसले. माझी बायको त्यांच्या गालाला गाल लावून उभी राहिली.

संध्याकाळी आम्ही दोघं त्यांना घरी सोडायला गेलो. इमारतीच्या दारात तळमजल्यावरचे काका खुर्ची टाकून बसले होते. येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी हाच त्यांचा उद्योग. सासूबाई तरातरा पुढे गेल्या तसं त्यांनी चष्मा सावरला.

"कोण हवंय आपल्याला?"

सासूबाईंनी क्षणभरही वेळ घेतला नाही. "तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकू आहेत का?"

"सकाळीच बाहेर गेल्यात. अजून आलेल्या दिसत नाहीत."

"फार बोलतात म्हणे?"

"अहो, विचारू नका!" काका उत्साहाने पुढे सरकले. "पण बाई मनाने चांगल्या. तुम्ही वर थांबा हवं तर."

"थांबते की," सासूबाई म्हणाल्या आणि जिना चढू लागल्या. पहिल्या वळणापर्यंत त्यांनी कसाबसा दम धरला. मग त्यांचं हसू जे फुटलं ते तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचलं आणि परत खाली आलं, आणि ते ऐकून काका खुर्चीतून उठत म्हणाले, "अहो, आवाज तर त्यांचाच!"