सफरचंदाच्या फांदीखालचा टेकू

मित्रांनो, मी चेस्टनटच्या लाकडाचा एक जुना टेकू आहे. जपानातल्या इवाकी डोंगराच्या पायथ्याशी, तोमेझो मालकांच्या सफरचंदाच्या बागेत माझा जन्म गेला. त्यांनीच मला तासले, माझ्या बेचक्यात भाताचा पेंढा बांधला आणि सर्वांत जुन्या झाडाच्या आडव्या फांदीखाली उभे केले. एका वर्षी ऐन तोडणीच्या तोंडावर वादळ आले. शेजारच्या बागांतली फळे जमिनीवर लोळली. माझ्या फांदीवरचे एकही हलले नाही. तेव्हा मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली होती.

पुढे त्यांचा खांदा निकामी झाला. झाडांना छाटणीची करवत लागेना. माझा पेंढा कुजला, अंगावर शेवाळ चढले, कुणी ढुंकूनही पाहिले नाही. माझ्या फांदीच्या सालीत कुजरोग शिरला. तो खोडात उतरला, की झाड संपलेच. तेवढ्यात मालकांची मुलगी चिगुसा शहर सोडून परत आली. तिने उभ्या जन्मात झाड छाटले नव्हते.

"हे एक झाड वाचवून दाखव," मालक म्हणाले. "नाही जमलं तर सगळी बाग तोडायची. मग रडायचं नाही."

"तुम्ही नुसते बघा, बाबा. आणि तोंड बंद ठेवा!"

बर्फ अजून गुडघाभर होता. चिगुसा शिडीवर चढली आणि माझ्या रोगट फांदीवर थेट खोडालगत, वरून करवत चालवू लागली. नवशिकी माणसे हीच चूक करतात. करवत जेमतेम आत शिरली आणि फांदी कडकडली. सगळा भार माझ्यावर आला. ती तशीच तुटली असती, तर खोडाची साल खालपर्यंत सोलवटून गेली असती. मी मनातून पार हादरलो.

"थांब! हलू नकोस!" मालक धावत आले आणि त्यांनी आपला दुखरा खांदा माझ्या शेजारी फांदीला लावला.

"वेडे झालात का? निघा खालून!"

"आधी ऐक. खोडापासून हातभर लांब जा. तिथं खालून काप, थोडंच. मग जरा पुढं, वरून. उरलेला खुंट शेवटी."

तिने खालून कापले. भुसा मालकांच्या टोपीवर पडत होता. आता वरून कापले की फांदी कोसळणार होती.

"सरका, बाबा."

"मी सरकलो तर साल फाटेल."

"टेकू आहे ना! झाड गेलं तर गेलं. सरका, नाहीतर करवत फेकून देईन!"

मालक कुरकुरत बाजूला झाले. मी एकटा उरलो. वर करवत घासत होती, इकडे माझे बेचके उभे फाटत होते. अजून थोडे, अजून थोडेच, असे मी स्वतःला बजावत होतो. अखेर फांदी सुटली आणि मला घेऊनच बर्फात आदळली.

जखम भरून यावी म्हणून चिगुसाने बुडाशी असलेला फुगवटा राखून खुंट कापला. आतले लाकूड स्वच्छ निघाले; कुजरोग तिथवर पोचला नव्हता. मालकांनी खोडावरून बोट फिरवले. साल शाबूत होती.

"उद्या शेजारचं झाड घे," ते म्हणाले. "पण आधी फांदीवरचा बर्फ झाडून घे, बावळट."

मित्रांनो, आता मी शेगडीत जाईन. त्याचे मला दुःख नाही. एवढेच मागणे आहे: जुन्या झाडाला करवत लावण्याआधी, खाली कोण भार पेलत उभे आहे ते बघा. आणि ते माणूस असेल, तर आधी त्याला बाजूला करा.