समोरून येणारी माणसं

खेमा रिठदजवळच्या तांड्यात एकटा राहायचा. बायको मोतीबाई गेल्याला तीन वर्षं होत आली होती. पोरगा बादल बायकोलेकरांसकट ऊसतोडीला गेला की घराला कुलूप लावल्यासारखीच शांतता. दारात एक म्हैस होती, आणि तिचं दूध घेऊन खेमा रोज दिवेलागणीच्या सुमारास सायकलवर फाट्यावरच्या डेअरीत जाई.

"भाऊजी, एकल्या माणसाले म्हैस कायले पायजे?" शेजारची भुरीबाई विचारायची. "विकून टाका अन् निजा आरामात."

"निजून काय करू?"

खरं म्हणजे म्हैस त्यानं रस्त्यासाठीच ठेवली होती.

खेमा जन्मभर उजव्या अंगानं सायकल चालवत आला. ती मोतीबाईची शिकवण. कॅरिअरवर बसून ती त्याच्या पाठीत बोट खुपसायची, "तिकडून घ्या. समोरून येनारं दिसते तरी. मांगून येनारं काय दिसते?" ती गेली, पण बाजू तीच राहिली. त्या बाजूनं गेलं की येणाऱ्या प्रत्येकाचं तोंड दिसे. ट्रॅक्टरवाला हात वर करी, बैलगाडीवाला राम राम घाली. शेवटी मंगरूळपीरची बस येई. ड्रायव्हर रतनसिंग लांबून खेमाला ओळखून दिवे एकदा बारीक करी. तेवढ्यावर खेमाचा दिवस भरून जाई.

मग रस्ता रुंद झाला, मधे दुभाजक आला, त्यावर कण्हेरी लागल्या. फाट्यावर वाहतुकीचा जमादार उभा राहू लागला. मोटरसायकलवर दोघांनाही हेल्मेट, उलट्या बाजूनं येणाऱ्याला दंड, सायकलला मागून लाल पट्टी.

"बाबा, डाव्या बाजूनं चालवा. मराचं हाय काय?"

"सायेब, सारा जलम याच बाजूनं गेला."

"तवा गाड्या कुठी होत्या एवढ्या?" म्हणत जमादारानं स्वतःच्या हातानं त्याच्या मडगार्डवर पट्टी चिकटवली. माणूस वाईट नव्हता.

खेमा डाव्या बाजूनं जाऊ लागला. आता सगळे मागून यायचे आणि पुढं निघून जायचे. दिसायच्या त्या पाठी. कोणाची पाठ कोणाची, हे कळेपर्यंत माणूस वळणाआड गेलेला असे. रतनसिंगची बस कण्हेरीच्या पलीकडून जाई, आणि दिवे बारीक होत नसत. पहिल्या आठवड्यात खेमा हात वर करून पाहायचा. पुढं तेही सोडलं. दूध घालून घरी आलं की दिवसभरात आपण म्हशीशिवाय कोणाशी बोललो, हे त्याला आठवावं लागे.

एक दिवस त्यानं म्हशीच्या गिऱ्हाइकाला निरोपही धाडला. मग राहवेना, म्हणून जाऊन जमादारालाच विचारलं, "सायेब, पायी जानाऱ्यानं कोन्या बाजूनं जावं?"

"उजव्या. समोरून येनारी गाडी दिसली पायजे त्याले."

खेमा पाहतच राहिला. "हे तं आमची मोतीबाई सांगे."

"कोन मोतीबाई? आरटीओत होती काय?"

"नाई जी. घरी होती."

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं तसं परत गेलं. खेमा उन्हं असतानाच निघाला, कॅन हँडलला अडकवून, सायकल हातानं ढकलत.

"पंचर झाली काय?" भुरीबाईनं विचारलं.

"नाई."

"मंग ढकलत काहून नेऊन राह्यले?"

"मले उजव्या बाजूनं जाचं हाय," खेमा म्हणाला. भुरीबाईनं कपाळाला हात लावला.

रस्त्याच्या कडेनं तो चालत होता. एक मोटरसायकल आली. हेल्मेटची काच खाली, आत कोण ते दिसेना. खेमानं तरीही राम राम घातला. हेल्मेट हललं आणि गेलं. मग बस आली. दिवे बारीक झाले, वेग कमी झाला आणि रतनसिंगनं खिडकीतून डोकं काढलं.

"अबे खेम्या! मले वाटलं तू गेला!"

"जातो कुठी? पायी चालून राह्यलो!"

मागून कोणीतरी हॉर्न वाजवला, आणि बस निघून गेली.

घरी येऊन खेमा भाकर खायला बसला. हेल्मेटात कोण होतं? हरिसिंगचा पोरगा? पण तो मान एवढी वाकवत नाही. भाऊसिंगचा जावई असेल. का रिठदचा मास्तर? एकेकाला तो समोर बसवून पाहत होता. भाकर संपली तरी ठरेना. उद्या गाडी थांबवून विचारावं, असं त्याच्या मनात आलं.

मग त्यानं ठरवलं, नाही विचारायचं. विचारलं तर एकच माणूस निघेल.