दादाच्या हाताला सूज आली नाही

छातीच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना सगळे टोचणीबाई म्हणत. बावीस वर्षं त्या क्षयाची चाचणी करत होत्या. हाताच्या कातडीखाली थेंबभर औषध सोडायचं. तिसऱ्या दिवशी तिथे टणक सूज आली तर जंतू अंगात शिरलेत, नाही आली तर सुटलात. सूज मोजायला पट्टी असते, पण बाईंना ती कशाला लागतेय! अंगठा फिरवला की झालं. डॉक्टर वर आणखी थुंकी तपासायला सांगत, तेव्हा बाई मनात म्हणत, उगाच खटाटोप.

आणि मग त्यांच्या दादालाच खोकला जडला. दादा शिंपी. "लोकांच्या विजारी आवळता आवळता आता माझीच आवळायची वेळ आली," असं हसून म्हणायचा, पण महिन्याभरात निम्मा झाला होता. वहिनीने धास्तीने सहा वर्षांच्या लेकीला आजोळी पाठवून दिलं. दवाखान्याचं नाव काढलं की दादा अंगावर यायचा. "टोचायचं तर तू टोच. बाकी कुणी हात लावायचा नाही!"

बाईंनी शिलाई मशीनवरच त्याचा हात ठेवून सुई टोचली. तिसऱ्या दिवशी अंगठा फिरवला, तर कातडी गुळगुळीत. डास चावल्याएवढंही काही नाही. बाईंचा आनंद गगनात मावेना.

"वहिनी, सुटलो गं बाई! काही नाही झालेलं. कापडाची धूळ बसलीय छातीत. आणा पोरीला घरी."

पोरगी आली आणि पहिल्याच रात्री बापाच्या कुशीत शिरली.

सात आठवड्यांनी दादा दुकानात कापड बेतत होता. खोकल्याची उबळ आली आणि पांढऱ्या कापडावर रक्त पडलं. मग मात्र त्याचं कुणी ऐकलं नाही. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. दोन्ही फुप्फुसांची चाळण झाली होती.

"चाचणी केली होती?"

"केली होती. सूज नव्हती."

"कुणी पाहिलं?"

"मी."

डॉक्टर बाईंपेक्षा वीस वर्षांनी लहान. त्यांनी आवाज खाली आणला. "बाई, सूज जंतू आणत नाहीत, आपलं शरीर आणतं. जुना आजार ठाण मांडून बसला की कधीकधी शरीराची लढायची ताकदच दबून जाते. मग सुई टोचा, नाहीतर काही करा, ते हूं की चूं करत नाही. म्हणून तर थुंकी तपासायची."

हे बाईंना शिकवलं होतं हो! त्याच वर्गात त्या शेवटच्या बाकावर डुलक्या घेत होत्या. जी सपाट कातडी पाहून त्या नाचल्या होत्या, ती म्हणजे दादाच्या शरीराने टेकलेले हात होते. औषधं सुरू झाली, पण ऑक्सिजनची नळी काही निघेना. दादा वाचेल का, यावर डॉक्टर हो म्हणेनात, नाही म्हणेनात.

मग पोरीची चाचणी झाली. तिसऱ्या दिवशी बाईंचा अंगठा पुढे होईना, म्हणून डॉक्टरांनी पट्टी लावली. सतरा मिलिमीटर. लालबुंद, टणक.

"जंतू शिरलेत," डॉक्टर म्हणाले, "पण एक्स-रे स्वच्छ आहे. हिचं शरीर झुंजतंय. आजपासून गोळ्या द्या, चुकवू नका."

झुंजतंय! बाईंना रडू फुटलं. सूज पाहून बरं वाटायची त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. त्यांनी तो इवलासा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

वहिनी दाराशी उभी होती. तिने आवाजही चढवला नाही.

"वन्सं, ती आजोळी होती. तुम्ही म्हणालात, घरी आणा."

बाईंनी पोरीचा हात तेवढा सोडला नव्हता.

"आत्या, दाबू नकोस ना," पोरगी कळवळली. "दुखतंय."