कोरे रक्त

डॉ. लुंबिनीने भरलेली सिरिंज ट्रेमध्ये परत ठेवली.

"आत्ता नको. सकाळी उपाशीपोटी रक्त घेऊ, मग लगेच इंजेक्शन."

खाटेवरचा शिवम भिंतीला कान लावून बसला होता. पलीकडे कुणीतरी आपल्या नावाची पोती मोजते आहे, असे तो दुपारपासून सांगत होता. उदगीरच्या धान्याच्या मोंढ्यात वडिलांच्या आडतीवर बसणारा हा तरुण लातूरच्या या मनोविकार वॉर्डात आल्यापासून एकदाही पाठ टेकून बसलेला नव्हता.

"अजून एक रात म्हंजे लई झालं म्याडम," त्याचे वडील चंद्रप्पा म्हणाले. "घरात कुनाच्याच डोळ्याला डोळा न्हाई."

लुंबिनीने त्यांना समजावले. या आजाराचे निदान अजून बोलण्या-वागण्यावरूनच करावे लागते. त्याची खूण रक्तात सापडली, तर पुढच्या मुलांचा आजार मन पुरते ढासळण्याआधीच ओळखता येईल. तिचे संशोधन त्यासाठीच होते. आणि त्यासाठी ज्याच्या पोटात अजून एकही गोळी गेलेली नाही, अशाचे रक्त हवे होते.

"कोरं रक्त," ती म्हणाली आणि स्वतःच्याच शब्दाने क्षणभर सुखावली. अशी माणसे तिच्यापर्यंत क्वचितच पोहोचत. "आजवर काहीच औषध दिलं नाही ना?"

"न्हाई."

"घरात कुणाला असा त्रास?"

"आमच्यात? सात पिढ्यांत न्हाई. बायकू बिदरकडची केली, ती बी पुरी चौकशी करूनच."

ती बायको, गुरम्मा, दाराशी उभी होती. तिचा जबडा सावकाश हलत होता. जीभ गालामागून फिरून पुन्हा ओठांशी येत होती.

"मावशी, सुपारी थुंकून या. वॉर्डात चालत नाही."

गुरम्मा निमूटपणे बेसिनशी गेली. परतली तेव्हा लुंबिनी संमतीच्या कागदावर चंद्रप्पांची सही घेत होती.

"आज रातीला कायबी न्हाई द्यायचं?" गुरम्माने विचारले. "येवढंसंबी?" तिने अंगठ्याच्या नखाने बोटाचे टोक दाखवले.

"काहीच नाही."

गुरम्माने नवऱ्याकडे पाहिले. मग वाकून लेकाच्या पायांवरची चादर सारखी केली.

रात्र कशी गेली ते सकाळी खोलीनेच सांगितले. खिडकीची जाळी बाहेर ढकलली गेलेली. शिवमच्या कपाळावर काळेनिळे टेंगूळ. त्याची मनगटे चंद्रप्पांच्या गमछ्याने खाटेला बांधलेली, आणि गमछा चावून ओला झालेला. सकाळपर्यंत औषध देऊ नये, असे लुंबिनीनेच लिहून ठेवले होते. नर्सने तिच्याकडे न पाहता रबरी पट्टा पुढे केला.

रक्त नळ्यांत उतरले. गडद, संथ, कुणाविषयी काहीच न बोलणारे. मग इंजेक्शन. शिवमच्या पापण्या हळूहळू जड झाल्या आणि भिंतीपलीकडची मोजदाद बहुधा थांबली. लुंबिनीने नळ्या बर्फाच्या पेटीत ठेवल्या.

"झालं. तुमचे फार उपकार. असं रक्त सहसा मिळत नाही."

"कोरं न्हाई ते," गुरम्मा म्हणाली.

"म्हणजे?"

"दिवाळीपास्नं रोज अर्धी गोळी दिली मी त्येला. वरणातून. राती तुमी नको म्हन्लात, म्हनून न्हाई दिली." तिचा आवाज खाली गेला. "गप बसनार होते. पर ह्याच्या रक्तावरनं तुमी दुसऱ्यांच्या लेकरांचं ठरवनार."

"कुठली गोळी? कुणी दिली?"

गुरम्माने कमरेची पिशवी सोडली. आत ब्लेडने नीट दुभागलेल्या गोळ्या होत्या. याच आजारावरची जुन्या काळची गोळी, लुंबिनीने स्वतः कधी लिहून न दिलेली.

"भाऊ धाडतो बिदरहून. शेंगाच्या चटणीच्या डब्यात. लगनाच्या आधीपास्नं."

"शिवमसाठी?"

"लगनाआधी शिवम कुठला, बाई."

चंद्रप्पा मुलाच्या मनगटाची गाठ सोडत होते. गाठ सुटली तरी त्यांची बोटे तिथेच चाळा करत राहिली. त्यांनी वर पाहिले नाही.

"आन् उरलेली अर्धी माजी," गुरम्मा म्हणाली. "आधी पुरी घेत होते. त्येला सुरू झालं, मग वाटून घेतली."

ती बोलायची थांबली. जबडा मात्र थांबला नाही. बंद ओठांआड जीभ तशीच फिरत होती, गालामागून ओठांकडे, ओठांकडून गालामागे. वर्षानुवर्षांच्या अशा गोळ्या चेहऱ्यावर ही हालचाल ठेवून जातात, आणि गोळी कमी केली की ती अधिकच उघडी पडते. लुंबिनीने हे परीक्षेत लिहिले होते. त्या उत्तराला चांगले गुण मिळाले होते.

गुरम्माने स्टूल ओढले, चोळीची बाही वर सारली आणि हात पुढे केला.

"मी बी उपाशीच हाय. लागत असलं तर घ्या."

लुंबिनीने रबरी पट्टा उचलला. मग तो खाली ठेवला आणि स्वतःची खुर्ची तिच्यासमोर ओढून घेतली.

"मावशी, जरा तोंड उघडा."

"कालच थुंकून आले की बाई," गुरम्मा म्हणाली आणि तिने तोंड उघडले.